पाणी कुणासाठी उकळलं होतं

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, महाराजसाहेब चुकू शकतात का? आणि चुकले तर सॉरी म्हणतात का?" मी म्हणाले, थंडी किती आहे, स्वेटर घातलाय का. तुम्ही हसलात. मी विषय बदलला हे तुम्हाला कळलं, आणि तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही. मी तीस वर्षं जुन्नरला एसटीने जाऊन-येऊन मुलींना इंग्रजी शिकवलं. प्रश्न सोडून भलतंच उत्तर लिहिणाऱ्या मुलीला मी मार्क देत नसे. तेव्हा आता नीट उत्तर लिहिते. ते लांबेल, कारण त्यात मीही आहे.

आधी पाण्याचं सांगते. तिकडे तुम्हाला हे कुणी सांगणार नाही.

आपले जैन साधू कच्चं पाणी पीत नाहीत, उकळलेलंच पितात. पण ते स्वतः विस्तव पेटवत नाहीत, आणि त्यांच्यासाठी म्हणून मुद्दाम केलेलं काहीही त्यांना चालत नाही. घरच्यांनी घरासाठी जे केलं असेल त्यातलं थोडं घ्यायचं, असा नियम. म्हणून गोचरीला, म्हणजे भिक्षेला आलेले महाराज दारात विचारतात, "हे कुणासाठी केलंय?" घरची बाई सांगते, "आमच्यासाठी." पोळीभाजीचं सोपं आहे, ती सगळेच खातात. पाण्याचं अवघड. उकळलेलं पाणी पिणारं माणूस हल्ली प्रत्येक घरात असतंच असं नाही. पावसाळ्याचे चार महिने साधू गावात मुक्कामाला असतात, तेव्हा पुष्कळ घरांत पातेलं चढतं ते खरं म्हणजे त्यांच्याचसाठी, आणि दारात मात्र "आमच्यासाठी" असं सांगितलं जातं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुणी बोलत नाही.

तुमच्या धाकट्या आजीचं, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचं पातेलं मात्र खरं होतं. धाकटे आजोबा गेले त्या वर्षापासून ती उकळलेलंच पाणी पिते. तिने हा नेम चारचौघांत घेतला नाही. मला कळलं तेसुद्धा बाटलीमुळे. ओतूरला एका लग्नात मे महिन्याच्या उन्हात सगळ्या बायका गार पाण्यावर तुटून पडल्या होत्या आणि ही पिशवीतून बाटली काढून कोमट पाणी पीत होती. मी बघितलं तशी म्हणाली, "भाभी, कुणाला सांगू नका हं. एकदा सांगितलं की लोक विचारत बसतात, किती वर्षं झाली, किती वर्षं झाली. मला मोजायचं नाहीये." मी नाही सांगत म्हणाले. तो शब्द मी पाळला. जिथे मोडायला हवा होता तिथेही पाळला, हीच गोष्ट मला सांगायची आहे.

दोन वर्षांपूर्वीचा चातुर्मास. त्या वर्षी आपल्या गावच्या स्थानकात, म्हणजे साधू उतरतात आणि व्याख्यान देतात त्या वास्तूत, जे महाराजसाहेब होते ते साठीच्या पुढचे, खानदेशातले, मराठी स्वच्छ बोलणारे. बरोबर दोन मुनी. व्याख्यान चांगलं द्यायचे. उगाच हसवायचे नाहीत, उगाच रडवायचे नाहीत. मी पहिल्या रांगेत वही घेऊन बसायची.

श्रावणातल्या एका सकाळी ते स्वतः धाकटीच्या दारी गोचरीला आले. ती आत सामायिकाला बसली होती. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर बसायचं, जप किंवा वाचन करायचं, घरादाराचा एक शब्द बोलायचा नाही. दारात होती आमच्या दोन्ही घरी काम करणारी बाई. तुम्ही तिला ओळखता, तुम्हाला करवंदं आणून देते ती. ती आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली. तिच्या घरी भात आणि नाचणी पिकते. महाराज दारात म्हटल्यावर तिने पदर सावरला, पाया पडली.

महाराजांनी पातेल्याकडे बोट केलं. "हे पाणी कुणासाठी उकळलंय?"

"तुमच्यासाठीच की, महाराज."

"घरात कुणी पीत नाही?"

"न्हाई न्हाई, कुणी हात बी लावला न्हाई. सकाळधरनं तुमच्याच नावानं ठेवलंय."

ती मनापासून मान देत होती. तिच्या गावात पाहुण्याला असंच म्हणतात. 'आमच्यासाठी केलंय, त्यातलंच घ्या थोडं' असं तिथे कुणाला म्हटलं तर पाहुणा चप्पल घालून निघून जाईल. महाराज काही न घेता मागे फिरले. आत धाकटीने प्रत्येक शब्द ऐकला. तिने आसन सोडलं नाही, तोंड उघडलं नाही. उद्या व्याख्यानानंतर सांगू, असं तिने ठरवलं.

पण दुसऱ्या दिवशी व्याख्यानातच तो विषय निघाला. विषय होता दान. महाराज म्हणाले, "या गावात एक घर असं आहे, जिथे उकळलेलं पाणी पिणारं कुणी नाही, आणि तरी वर्षानुवर्षं साधूंना ते पाणी घरचं म्हणून दिलं जातं. माणूस एकटा असला की वाटतं कोण बघतंय. साधूचा नियम मोडला तर तो दोष साधूला लागतो, हे त्या घराने लक्षात ठेवावं."

नाव घेतलं नाही. पण एकटं माणूस असलेली आपली घरं गावात मोजकीच होती, आणि महाराज आदल्या दिवशी कुठल्या दारातून रिकामे परतले ते अख्ख्या पेठेने पाहिलं होतं. बायकांच्या बाजूला माना वळल्या. धाकटी माझ्या मागच्या रांगेत होती. मी वळून बघितलं नाही. माझ्या हातात पेन होतं. तिचं पाणी घरचंच आहे हे मला माहीत होतं, आणि माझ्या वहीत त्या दिवशीच्या व्याख्यानाचे मुद्दे आजही सुवाच्य अक्षरात आहेत, 'त्या घरा'चा मुद्दाही धरून.

मी का उठले नाही? शब्द दिला होता म्हणून, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. खरं कारण साधं आहे. व्याख्यानात कुणी मध्ये बोलत नाही. कधीच कुणी बोललेलं नाही. पहिली मी व्हायचं नव्हतं मला.

दुसऱ्या दिवसापासून धाकटी स्थानकात यायची थांबली. तिच्या दारी मुनी यायचे थांबले. चार दिवसांनी मंचरहून तिच्या भावाचा फोन आला, "ताई, काय ऐकतोय मी? व्हॉट्सॲपवर कुणीतरी लिहिलंय." तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "खोडदच्या रेडिओ दुर्बिणींना म्हणे आकाशातलं ऐकू येतं. आणि मंचरला आमच्या स्वयंपाकघरातलं. शेजारच्याला तेवढं ऐकू येत नाही." शेजारी मी होते. आमच्या दोन घरांत एक भिंत आहे.

पर्युषण, आपलं आठ दिवसांचं पर्व, जवळ आलं तसं मला कळलं की प्रश्न नुसत्या नावाचा नाही. पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, आपण सगळ्यांची क्षमा मागतो आणि सगळ्यांना क्षमा करतो. 'मिच्छामि दुक्कडम्' तुम्हीही मला पाठवता, फुलांच्या चित्रासकट. पण तिच्या लेखी तो निरोप नव्हे. एखाद्याबद्दलचा राग मनात घेऊन संवत्सरीची संध्याकाळ ओलांडली, तर आपण श्राविका उरत नाही, असं ती मानते. लहानपणापासून मानते. आणि तिला राग होता.

"तोंडाने म्हणून टाकीन," ती म्हणाली, "पण ते खोटं होईल. खोटं बोलते असं आधीच ठरवलंय त्यांनी. आता खरंच बोलू का?"

"मग काय करणार?"

"घरी बसेन. या वर्षी माझी संवत्सरी नाही."

बासष्ट वर्षांच्या आयुष्यात तिने एकही चुकवली नव्हती. बाळंतपणातसुद्धा खाटेवरून हात जोडले होते. मला रात्री झोप लागेना, दिवसा कपाटं आवरत सुटले. शेवटी मी कामाच्या बाईला समोर बसवून विचारलं की त्या दिवशी दारात काय बोलणं झालं. तिने आनंदाने सगळं सांगितलं. मग मी तिला नियम समजावला. तिचा चेहरा उतरला.

"आवं मी तर लई ग्वाड बोलले व्हते, मोठ्या बाई. आमच्यात असंच बोलत्यात. मला काय ठावं, तुमच्यात चांगलं बोललं का वंगाळ व्हतं?"

"तुझी चूक नाही."

"मंग कुणाची?" तिने विचारलं. "मला न्या तिकडं. मी सांगते त्यांस्नी. मला काय भ्या न्हाई, माझे वायले देव हायेत."

पर्युषणाच्या पाचव्या दिवशी दुपारी मी तिला घेऊन स्थानकात गेले. बायकांनी स्थानकात बसून साधूंशी बोलायचं तर कुणी पुरुष हजर लागतो, म्हणून आपल्या जैन संघाच्या अध्यक्षांना फोन करून बोलावलं. पेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. माणूस वाईट नाही. स्थानकाचं छत त्यांनी उभं राहून दुरुस्त करून घेतलं.

बाईने दारात झालेलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मग मी धाकटीच्या नेमाचं सांगितलं. तिला दिलेला शब्द मोडला. महाराजांनी डोळे मिटले. तोंडावर बांधलेल्या मुहपत्तीमुळे त्यांचा चेहरा अर्धाच दिसत होता. मग म्हणाले, "त्या आत होत्या?"

"सामायिकात होत्या. सगळं ऐकत होत्या."

"आणि बोलल्या नाहीत." ते हे स्वतःशीच म्हणाले. "मी विचारायला हवं होतं. माझी चूक झाली."

अध्यक्षांनी लगेच हात जोडले. "झालं तर मग. मॅडम, महाराजसाहेब एवढं म्हणाले, आता वहिनींना तुम्ही सांगा म्हणजे मिटलं."

मी म्हणाले, "ज्या पाटावरून बोलले त्या पाटावरून सांगायला हवं."

"अहो, संवत्सरीला महाराजसाहेब चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागतातच की. त्यात वहिनी आल्याच."

"आल्या. किड्यामुंग्यांच्या रांगेत."

"मॅडम, रागावू नका." त्यांचा आवाज खाली आला. "आपली घरं किती उरलीत? पोरं पुण्याला, तुमची तर पार परदेशात. वर्षातून आठ दिवस येतात ती या एका पाटाकडे बघून. उद्या म्हणतील, महाराज पाण्यात चुकले, तर बाकी कशात चुकत नसतील कशावरून? मग त्यांना काय सांगू?"

हा प्रश्न खोटा नव्हता. भगवंतांच्या पट्टशिष्याने एका गृहस्थावर उगाच अविश्वास दाखवला आणि कळल्यावर पारणं, म्हणजे उपास सोडणं, बाजूला ठेवून आधी त्याच्या दारी जाऊन क्षमा मागितली, ही गोष्ट याच महाराजांनी आम्हाला सांगितली होती. ती माझ्या ओठांवर आली होती. बोलायचं धाडस मला पुन्हा झालं नाही.

महाराजच म्हणाले, "ती गोष्ट मलाही आठवतेय, बाई. सांगायला फार सोपी आहे." आणि त्यांनी पुस्तक उघडलं. म्हणजे आता जा.

बाहेर आल्यावर कामाची बाई म्हणाली, "मानूस चांगला हाय. पर कापडवाला त्याला उठू देयाचा न्हाई."

सातव्या दिवशी सकाळी महाराज एकटेच धाकटीच्या दारी आले. मी माझ्या ओट्यावर होते, चार हातांवर. ती सामायिकात नव्हती. डोक्यावर पदर घेऊन दारात उभी राहिली, "पधारो" म्हणाली.

"बाई, मी तुमच्याबद्दल चौकशी न करता बोललो. मला क्षमा करा."

ती म्हणाली, "महाराजसाहेब, पाणी घरचं आहे, माझ्यासाठी उकळलंय. हवं तेवढं घ्या. पण क्षमा केली असं माझ्या तोंडून येत नाहीये. तुम्ही दारात उभे आहात म्हणून म्हणायचं, तर ते खरं होणार नाही."

मला वाटलं ते रागावतील. त्यांनी चौकटीला हात लावला. "काय केलं म्हणजे खरं होईल?"

"मी काय सांगणार? मी सांगितलं आणि तुम्ही केलं, तर ते माझं झालं."

त्यांनी "दया पाळो" असा आशीर्वाद दिला आणि पाणी न घेताच परतले. मी चिडले. म्हटलं, अगं दारी येऊन माफी मागितली, आणखी काय पाहिजे तुला? ती म्हणाली, "दारात मी एकटी होते, भाभी. त्या दिवशी सगळे होते."

संवत्सरीच्या सकाळी स्थानक भरलं होतं. पुण्याहून पोरं आली होती, पायऱ्यांपर्यंत माणसं बसली होती. धाकटी आली नव्हती. महाराज पाटावर बसले, मंगलाचरण झालं, आणि मग ते उठून खाली सतरंजीवर उभे राहिले. अध्यक्ष पुढे झाले. त्यांना वाटलं महाराजांना बरं वाटत नाहीये.

त्यांचं बोलणं मी उतरवून घेतलं. "श्रावणात या पाटावरून मी एका घराबद्दल बोललो. मी जे बोललो ते खोटं होतं. त्या घरचं पाणी घरचंच होतं आणि आहे. मी दारात एक प्रश्न विचारला आणि घरच्या माणसाला न विचारता निकाल दिला. माझ्या शब्दाला पाटाचं वजन आहे, म्हणून माझ्या खोट्यालाही आहे. ज्यांनी माझं ऐकून त्या बाईंकडे वळून पाहिलं, त्यांच्या दोषात माझा वाटा मोठा आहे. मी त्या बाईंची क्षमा मागतो. आज त्या इथे नाहीत, त्यालाही मीच कारण आहे. याचं प्रायश्चित्त मी माझ्या गुरूंकडे मागेन."

मागे पायरीवर एका मुलाने कानातली इअरफोनची बोंडं काढून खिशात टाकली. अध्यक्षांची मान खाली होती. त्यांना जी भीती होती तिचं पुढे काय झालं ते मी नक्की सांगू शकत नाही. गेल्या वर्षी पोरं आली होती, एवढं पाहिलंय.

व्याख्यान संपायची वाट न बघता मी उठले. आयुष्यात पहिल्यांदा मध्येच उठले, तेही चूक सुधारायला नव्हे, निरोप द्यायला. धाकटी पलंगावर साड्यांच्या घड्या करत होती. मी वही उघडून वाचून दाखवलं.

"परत वाचा."

परत वाचलं.

"'खोटं' असंच म्हणाले? 'गैरसमज' नाही?"

"'खोटं' म्हणाले. खाली उभे राहून."

तिने हातातली साडी बाजूला ठेवली. डोळे पुसले नाहीत, कारण ते भरलेच नव्हते. खांदे मात्र खाली आले. "केली क्षमा," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "संध्याकाळी येईन." मग माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही, भाभी?"

"मी काय?"

"तुम्ही मुलींना शिकवलंत ना वर्गात, माहीत असेल तर हात वर करायचा? त्या दिवशी तुमचा हात कुठे होता?"

मी म्हणाले, "वहीवर."

मग मी जे बोलले ते मला आधीच बोलायला हवं होतं. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. तू सांगू नको म्हणालीस हे निमित्त होतं. मला लोकांची भीती वाटली. माझं चुकलं. प्राकृतात नाही, इंग्रजीत नाही, आपण घरी बोलतो त्या मराठीत बोलले, आणि 'पण' हा शब्द दोनदा गिळला.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "चला, लवकर निघू या. संध्याकाळी जागा मिळत नाही."

संध्याकाळी प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभराच्या चुकांची उजळणी, झालं. शेवटी सगळ्या एकमेकींकडे वळून हात जोडतात. तिने अध्यक्षांच्या बायकोपुढे जोडले, ज्यांनी व्हॉट्सॲपवर लिहिलं असं आम्हाला वाटतं त्यांच्यापुढे जोडले, माझ्यापुढेही जोडले. माझ्यापुढचे हात इतरांपुढच्यापेक्षा वेगळे होते का, हे मी शोधत राहिले. मला कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी विचारलंच. "माझ्यावर राग नाही ना राहिला?"

"राग त्या संध्याकाळीच टाकला," ती म्हणाली. "टाकला नसता तर हात जोडले नसते. भरवशाचं विचाराल, तर त्याला वेळ लागेल. महाराज दोन महिन्यांच्या ओळखीचे होते. तुमच्याशेजारी मी चाळीस वर्षं राहतेय."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. ती रोज येते, भाजी निवडते, तुमचे फोटो बघते, तुमच्या आईबद्दल माझ्याशी वाद घालते. तो प्रश्न मी पुन्हा विचारलेला नाही. व्याख्यानाला मी आता वही नेत नाही, हात मोकळे ठेवून बसते. हे तिने पाहिलंय का, ते मला माहीत नाही.